स्मृतिदौर्बल्यावर केवळ मेध्य कल्प पुरेसा नाही
मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाप्रती आपले कर्तव्य

'हल्ली विसरायला फार होते' ही तक्रार आपल्या चिकित्सालयांस नवी नाही. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी ती घेऊन येतात, साठी उलटलेले गृहस्थ येतात, घर आणि कचेरी अशी दुहेरी धावपळ करणाऱ्या भगिनी येतात. आपणही बहुधा ठरलेल्या वाटेने जातो. ब्राह्मी, शंखपुष्पी, ज्योतिष्मती, एखादे घृत, क्वचित एखादा रसकल्प. आणि सोबत 'चिंता करू नका' हे दोन शब्द. पुष्कळ रुग्णांस तेवढ्याने बरेही वाटते. परंतु याच तक्रारीच्या आड कधी कधी एक निराळा आणि गंभीर व्याधी उभा असतो. तिशी-चाळिशीतील रुग्ण, बहुतेक वेळा स्त्री, मल्टिपल स्क्लेरोसिसचे निदान झालेली; पायांतील जडत्वासाठी किंवा मुंग्यांसाठी बस्ती घ्यावयास आलेली; आणि बोलता बोलता सहज सांगते की, आताशा सांगितलेले काही लक्षात राहत नाही. या रुग्णास आपण काय देतो आणि काय द्यावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

माझे मत प्रारंभीच स्पष्ट करतो. या व्याधीतील स्मृतिदौर्बल्यावर मेध्य औषधाची पुडी किंवा बाटली देऊन आपले कर्तव्य संपत नाही. आणि केवळ तेवढ्यावर रुग्णाची बोळवण करणे हे आपल्या शास्त्रालाही धरून नाही. स्मृती ही शिकवून, सरावाने आणि योजनेने सावरावयाची गोष्ट आहे, ही दृष्टी आज पाश्चात्त्य पुनर्वसनशास्त्र मांडते आहे. परंतु तिचे बीज चरकसंहितेत स्पष्ट शब्दांत आहे. आपण मात्र त्या अध्यायातील औषधांपेक्षा निराळ्या असलेल्या या भागाकडे फारसे पाहिलेले नाही.

व्याधीचे स्वरूप

मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्यास पुढे संक्षेपाने एमएस म्हटले आहे, हा मेंदू, नेत्रनाडी व मेरुरज्जू यांचा व्याधी होय. शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा चेतातंतूंवरील मायलिन या स्निग्ध आवरणावर स्वतःच आघात करते. आवरण झिजले की संदेशवहन मंद होते, अडते वा थांबते. पुढे खुद्द चेतातंतूंचाही ऱ्हास होतो. पॅरिस येथील ज्याँ-मार्तीं शार्को यांनी 1868 साली या व्याधीचे सुसंगत वर्णन केले, आणि स्मृती मंदावत असल्याचेही आपल्या व्याख्यानांत नमूद केले. तरीही पुढील शंभराहून अधिक वर्षे वैद्यकाचे लक्ष मुख्यत्वे चालणे, दृष्टी आणि मूत्राशय यांवरच राहिले. 1991 साली अमेरिकेत स्टीफन राव आणि सहकाऱ्यांनी समाजात वावरणाऱ्या रुग्णांची पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा सुमारे 43 टक्के रुग्णांत बौद्धिक कार्यांत न्यूनता आढळली. माहिती ग्रहण करण्याचा वेग आणि नवीन गोष्ट लक्षात ठेवणे या दोन क्रियांवर आघात सर्वाधिक होतो, हे तेव्हापासून सर्वमान्य झाले आहे.

जगात या व्याधीसह जगणाऱ्यांची संख्या 2023 सालच्या अंदाजानुसार सुमारे 29 लाख आहे. स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या किमान दुप्पट, आणि निदानाचे सरासरी वय 32 वर्षांच्या आसपास. म्हणजे संसार, नोकरी व लहान मुले यांचा भार ज्या वयात खांद्यावर असतो, नेमक्या त्याच वयात हा व्याधी येतो. भारतात तो पाश्चात्त्य देशांच्या मानाने विरळा आहे, हे खरे. परंतु आपल्या महाराष्ट्राशी त्याचा जुना संबंध आहे. मुंबई व पुणे येथील पारशी समाजात तो इतर भारतीयांपेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात आढळतो, हे मुंबईचे ख्यातनाम मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांच्या 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. आता एमआरआय तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचल्याने इतर समाजांतील निदानेही वाढली आहेत, आणि त्यांतील कित्येक रुग्ण आज ना उद्या आपल्याही दारी येतात.

या व्याधीस आयुर्वेदीय नाव कोणते द्यावे, यावर आपल्यात मतभेद आहेत. कोणी मज्जागत वात म्हणतो, कोणी आवृत वात, कोणी ओजोविकृतीचा विचार मांडतो. त्या वादात येथे शिरावयाचे नाही. दोष-दूष्य-अवस्था पाहून चिकित्सा करणाऱ्यास नावावाचून अडत नाही, हा आपल्याच आचार्यांचा निर्वाळा आहे. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. रुग्णाची स्मृती नेमकी कोणत्या पायरीवर अडखळते, हे आपण विचारतच नाही.

स्मृती कोठे अडते?

एखादी गोष्ट आठवण्यासाठी तीन पायऱ्या लागतात. ती नीट ग्रहण झाली पाहिजे, टिकली पाहिजे, आणि वेळेवर वर आली पाहिजे. एमएसच्या रुग्णांत मुख्य अडचण पहिल्या पायरीवर असते, असे जॉन डिलुका व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून पुढे आले. रुग्णास एखादी यादी पक्की होण्यासाठी निरोगी माणसापेक्षा अधिक आवर्तने लागतात. परंतु एकदा ती पक्की झाली की पुढे तिची आठवण बहुतांशी निरोगी माणसासारखीच टिकते. या एका निरीक्षणाचा व्यावहारिक अर्थ फार मोठा आहे. भांडे फुटके असेल तर त्यात पाणी ओतून उपयोग नाही; परंतु भांड्याचे तोंड अरुंद असेल, तर धार बारीक करून, सावकाश ओतता येते. एमएसमधील स्मृतीचे भांडे बहुधा दुसऱ्या प्रकारचे आहे. म्हणून शिकविण्याच्या पद्धतीला येथे वाव आहे, आणि म्हणूनच 'आता हे असेच चालायचे' हे उत्तर रुग्णावर अन्याय करणारे आहे.

हा अन्याय घरातही होतो. हातात काठी आली की कुटुंब समजून घेते; परंतु बाहेरून धडधाकट दिसणारी सून सांगितलेले काम विसरली, की 'लक्षच नसते' असा शिक्का बसतो. कचेरीत वरिष्ठ तिला निष्काळजी ठरवितात. ती स्वतःही हळूहळू तसेच मानू लागते. पायांत बळ असूनही केवळ विसराळूपणापायी नोकरी सोडणारे रुग्ण या व्याधीत आहेत. वैद्याने घरच्या मंडळींसमोर 'हा आळस नव्हे, हे व्याधीचे लक्षण आहे' एवढे एक वाक्य उच्चारले, तरी चिकित्सेचा अर्धा आरंभ होतो.

औषधांचा आजवरचा अनुभव

गोळीने स्मृती सुधारावी, ही इच्छा आपल्यापुरती मर्यादित नाही. आधुनिक वैद्यकानेही तो प्रयत्न करून पाहिला. अल्झायमर व्याधीत वापरले जाणारे डोनेपेझिल हे औषध एका लहान अभ्यासात एमएसच्या रुग्णांना उपयुक्त वाटले होते. परंतु 2011 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांवरील 120 रुग्णांच्या अभ्यासात त्याचा लाभ दिसला नाही. आपल्या दृष्टीने अधिक बोधप्रद उदाहरण गिंको या वनस्पतीचे आहे. स्मृतिवर्धक म्हणून तिचा जगभर केवढा खप! 2012 साली एमएसच्या 120 रुग्णांवर बारा आठवडे तिचा प्रयोग झाला, आणि निष्फळ द्रव्य घेणाऱ्या गटापेक्षा तिचा गट सरस ठरला नाही.

यावरून ब्राह्मी निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. गिंको म्हणजे ब्राह्मी नव्हे. निरोगी प्रौढांवर ब्राह्मीचे जे नियंत्रित अभ्यास झाले, त्यांपैकी काहींत लाभाची चिन्हे दिसली आहेत. परंतु निरोगी माणसातील फळ मायलिन झिजलेल्या मेंदूत तसेच मिळेल, असे गृहीत धरणे हे युक्तीला सोडून होईल. चरकाचार्यांनी चार मेध्य रसायने सांगितली, ती मंडूकपर्णीचा स्वरस, दुधासह यष्टिमधूचे चूर्ण, गुडूचीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क ही होत. रसायन म्हणून त्यांचे स्थान मी मानतो आणि योग्य रुग्णास ती देतोही. माझा आक्षेप औषधावर नसून, औषधाला पूर्ण चिकित्सा समजण्यावर आहे.

सरावाचा पुरावा

स्मृतीच्या पुनर्वसनाविषयी आज काय हाती आहे? अमेरिकेतील न्यू जर्सी येथील केसलर फाउंडेशनमध्ये नॅन्सी कियाराव्हालोटी व सहकाऱ्यांनी 86 रुग्णांवर केलेला नियंत्रित अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात औषध नव्हते. आठवड्यातून दोनदा, पाच आठवडे, अशा केवळ दहा बैठकींत रुग्णांना दोन गोष्टी शिकविल्या गेल्या. लक्षात ठेवावयाच्या वस्तूचे मनात चित्र उभे करणे, आणि सुट्या वस्तू एका कथेत ओवणे. तुलनेच्या गटालाही तितक्याच बैठकी दिल्या. पण त्यांत हे तंत्र नव्हते. शिकविलेल्या गटाची नवे ग्रहण करण्याची क्षमता सुधारली, दैनंदिन जीवनातही फरक जाणवला, आणि सहा महिन्यांनंतरही त्याचा परिणाम दिसून आला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये 449 रुग्णांवर झालेल्या व 2020 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात लहान गटांतून दहा साप्ताहिक बैठकी घेण्यात आल्या. वर्षअखेरीस व्याधीचा मनावरील भार कमी झाला का, ही त्याची मुख्य कसोटी होती. तिच्यावर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. रोजच्या व्यवहारातील विसराळूपणा मात्र किंचित कमी झाला. 2021 साली कॉक्रेन संस्थेने 44 अभ्यासांतील 2714 रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा स्मृती व जीवनमान यांत लाभ दिसला. परंतु तो मर्यादित होता आणि चाचण्यांतील सुधारणा दीर्घकाळ टिकल्याचे आढळले नाही. म्हणजे हा चमत्कार नव्हे. हा थोडा, परंतु खरा लाभ आहे; त्यात यकृतास धोका नाही, आणि खर्च प्रामुख्याने वेळेचा आहे.

चरकोक्त आठ कारणे

आता आपल्या घरातील ठेव पाहू. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील कतिधापुरुषीय या पहिल्याच अध्यायात स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे सांगितली आहेत. निमित्तग्रहण, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत ही ती होत. या आठांत एकही वनस्पती नाही. सर्व क्रिया मनाच्या आहेत, आणि म्हणून शिकविण्याजोग्या आहेत.

त्यांचा व्यवहारातील अर्थ पाहावा. कारण पाहिले की कार्य आठवते, हे निमित्तग्रहण. दाराच्या कडीला अडकविलेली पिशवी पाहून भाजी आणावयाची आठवण होते, ती याच न्यायाने. आकृती पाहून आठवणे हे रूपग्रहण, आणि मनश्चित्र उभे करणे हा त्याचाच विस्तार मानता येईल. नव्या शेजारणीचा चेहरा मावशीसारखा आहे हे हेरून तिचे नाव मावशीशी जोडले, तर ते सादृश्य. दोन वस्तूंतील विरोध पकडून लक्षात ठेवले, तर सविपर्यय. मन एका ठायी लावणे हा सत्त्वानुबंध; एमएसमधील अडचण ग्रहणाची असल्याने याचे महत्त्व सर्वाधिक. अभ्यास म्हणजे सराव, आणि पुनःश्रुत म्हणजे पुन्हा ऐकणे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हा संदर्भ मूळचा तत्त्वस्मृतीचा, मोक्षमार्गाचा आहे. चरकाचार्यांना एमएस ठाऊक होता किंवा केसलर फाउंडेशनचे तंत्र त्यांनी आधीच सांगून ठेवले होते, असा डांगोरा पिटणे म्हणजे शास्त्राचा गौरव नव्हे. परंतु आठवण कशी जागी होते, याविषयीचे हे निरीक्षण सर्वसामान्य आहे, आणि ते आजच्या प्रयोगांशी जुळते, एवढे निश्चित म्हणता येते. शिवाय आजचे प्रयोग आपल्याला त्यात एक बारकावा शिकवितात. जेम्स सुमोव्स्की यांच्या अभ्यासांत असे दिसले की, एमएसच्या रुग्णाने तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा, थोड्या थोड्या वेळाने न पाहता स्वतः आठवून पाहिली, तर ती अधिक पक्की होते. म्हणजे केवळ पुनःश्रुतापेक्षा, स्वतः आठवून पाहण्याचा अभ्यास बलवान. आपल्या पाठशाळांत गुरू पोथी मिटावयास लावून प्रश्न विचारीत, त्यामागचे मर्म हेच असावे.

चिकित्सालयात काय करता येईल?

प्रथम, विचारावे. एमएसच्या प्रत्येक रुग्णास स्मृतीविषयी स्पष्ट प्रश्न करावा, आणि शक्य तेथे कुटुंबीयांसही. आपली स्मृती मंदावल्याचे सर्व रुग्णांना कळतेच असे नाही. आणि उदासीनता असलेल्या रुग्णास ती आहे त्याहून अधिक मंदावल्यासारखी वाटते. मोजमापासाठी रुग्णास चिकित्सामानसशास्त्रज्ञाकडे पाठवावे. चिन्हांच्या जागी अंक सांगण्याची नव्वद सेकंदांची एक प्रमाणित चाचणी आणि सुमारे पंधरा मिनिटांचा एक छोटा चाचणीसंच या कामासाठी जगभर वापरला जातो. वर्षातून एकदा ती तपासणी व्हावी, अशी अमेरिकेतील तज्ज्ञांनी 2018 साली शिफारस केली आहे.

दुसरे, दूर करता येण्याजोगी कारणे शोधावीत. बी-बारा जीवनसत्त्वाची न्यूनता आपल्याकडील शाकाहारी रुग्णांत सामान्य आहे. थायरॉइडची मंदता, अपुरी झोप, मूत्रप्रवृत्तीसाठी रात्रीचे वारंवार उठणे, औदासीन्य, तसेच मूत्राशयासाठी किंवा स्नायूंच्या ताठरपणासाठी चालू असलेली काही औषधे, ही सारी स्मृतीला मंद करतात. यांपैकी औषधांचा बदल मूळ डॉक्टरांच्याच संमतीने व्हावा.

तिसरे, शिकवावे. बस्तीसाठी रुग्ण आठ-पंधरा दिवस रोज येतो. इतका सलग सहवास अन्य वैद्यकात क्वचितच मिळतो. त्यातील वीस मिनिटे, सकाळी, थकवा येण्यापूर्वी, शांत खोलीत या कामी द्यावीत. आरंभी चार शब्दांची यादी पुरे. उदाहरणार्थ दूध, किल्ली, विजेचे बिल आणि मुलीच्या वहीवरील सही. रुग्णास आधी प्रत्येकाचे चित्र मनात पाहावयास सांगावे, मग त्याची त्यालाच कथा रचू द्यावी. 'दूध ओतताना पातेल्यात किल्ली पडली, तिच्या आवाजासरशी दिवे गेले, आणि अंधारात मुलगी वही पुढे करून सही मागत राहिली.' कथा जितकी विचित्र, तितकी ती टिकाऊ. ती वैद्याने सांगण्यापेक्षा रुग्णाने रचलेली बरी, कारण स्वतः निर्माण केलेले अधिक लक्षात राहते. थोड्या वेळाने, निघताना, आणि दुसऱ्या दिवशी आल्यावर, न सांगता विचारावे. नंतर शब्दांच्या जागी खरी कामे आणावीत. बाजाराची यादी, औषधांच्या वेळा, कचेरीतील निरोप.

चौथे, दिनचर्येचा उपयोग करावा. दिनचर्या आपण आरोग्यासाठी सांगतो. स्मृतीच्या आधारासाठीही ती तितकीच मोलाची आहे. किल्लीची खुंटी ठरलेली, औषधाची वेळ जेवणाशी जोडलेली, कामांचा क्रम ठरलेला असला, म्हणजे जे स्मृतीला जड जाते ते सवय उचलून धरते. खिशातील एकच वही, वारांचे खण असलेली औषधाची डबी, भ्रमणध्वनीचा गजर, यांना कमीपणा मानू नये. पांगळ्यास जशी काठी, तशी ही साधने.

सावधगिरीचे मुद्दे

या रुग्णांत उष्णतेने लक्षणे तात्पुरती बळावतात. विल्हेल्म ऊटहोफ या नेत्रतज्ज्ञाने 1890 साली हे प्रथम नोंदविले. म्हणून वातव्याधी म्हटले की सर्वांगस्वेद, हा आपला परिपाठ येथे तारतम्याने वापरला पाहिजे. तीव्र बाष्पस्वेद आणि उष्ण अवगाह टाळलेलेच बरे. उष्णतेने थकवा वाढतो आणि विचारही मंदावतो. म्हणजे स्मृतीच्या सरावाआधी स्वेदन देणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे होय.

रुग्णाची चालू असलेली प्रतिकारनियामक औषधे आपल्या शब्दावरून कदापि बंद होऊ नयेत. ती व्याधीचे नवे आघात कमी करतात. स्मृती वाचविण्याचा तोही एक मार्ग आहे. नवे लक्षण उद्भवून चोवीस तासांहून अधिक टिकले, तर रुग्णास विनाविलंब मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. प्रतिकारशक्ती 'वाढविणारी' म्हणून गुळवेल सरसकट देताना या व्याधीत दहादा विचार करावा, कारण येथे मूळ दोष त्या शक्तीच्या दिशाभुलीचा आहे. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील तज्ज्ञांनी 2021 साली प्रसिद्ध केली. वनस्पतीची ओळख नीट पटविली नव्हती, या मुद्द्यावर आयुष मंत्रालयाने तिला आक्षेप घेतला. वाद काहीही असो, एमएसवरील अनेक औषधे यकृतावर ताण आणणारी आहेत. त्यावर आणखी भर घालताना यकृताची तपासणी असलीच पाहिजे. पारद, हरताळ व मनःशीळ असलेला स्मृतिसागर रस वर्षानुवर्षे घ्यावयाचा नसतो, हे सांगावयास नकोच. परंतु दीर्घकालीन व्याधीत असे होते, म्हणून सांगतो.

औषधालयांच्या मालकांस विनंती

आपल्या संघटनेत औषधालये चालविणारे बांधव पुष्कळ आहेत. त्यांस दोन गोष्टी नम्रपणे सुचवितो. पहिली, द्रव्याची ओळख. ब्राह्मी म्हणून कोणी बॅकोपा देतो, कोणी सेंटेला म्हणजे मंडूकपर्णी. शंखपुष्पीच्या नावाखाली तर तीन-चार निरनिराळ्या वनस्पती बाजारात फिरतात. पुडीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव स्पष्ट असावे. अन्यथा आपल्या अनुभवांची तुलनाच होऊ शकत नाही. दुसरी, दावा. 1954 च्या औषधे व जादुटोण्याचे उपाय या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याच्या अनुसूचीत मेंदूचे रोग व विकार यांचा समावेश आहे. ते बरे करण्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी, 'नसांचा आजार समूळ बरा' अशा एका फलकावर विश्वासून एखाद्या रुग्णाने आपले इंजेक्शन सोडले, तर गेलेली दृष्टी कोणत्याही बाटलीने परत येत नाही.

त्याउलट, विक्रेत्याच्या हाती एक चांगले कामही आहे. दर महिन्यास औषध न्यावयास येणारा ग्राहक तोच प्रश्न पुन्हा विचारू लागला, औषधाच्या वेळा चुकवू लागला, तर ते प्रथम त्याच्याच ध्यानी येते. अशा ग्राहकास चार ओळी मोठ्या अक्षरांत लिहून द्याव्यात, आणि वैद्याकडे जाण्याचा सल्ला द्यावा.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, हे काम मानसशास्त्रज्ञांचे. वैद्याने त्यात का पडावे? जेथे असा तज्ज्ञ आहे तेथे त्याच्याकडेच पाठवावे, हे मला मान्य आहे. परंतु तालुक्याच्या गावी तो बहुधा नसतो, आणि वैद्य असतो. शिवाय आपल्या त्रिविध चिकित्सेत युक्तिव्यपाश्रयासोबत सत्त्वावजयाचेही स्थान आहे. ते केवळ परीक्षेतील टिपेपुरते ठेवावयाचे नसेल, तर त्याला असे प्रत्यक्ष रूप दिले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. वीस मिनिटे बोलण्याचे पैसे रुग्ण देत नाही, पुडीचे देतो. हे खरे आहे. आणि तो दोष रुग्णाचा नसून आपण लावलेल्या सवयीचा आहे. सल्ल्याचे मूल्य वेगळे आकारण्याचा संकोच सोडला, तर बाटली खपविण्याची निकड आपोआप कमी होईल. पंचकर्माचे शुल्क रुग्ण देतातच; त्यात या बैठकींचा अंतर्भाव करणे अशक्य नाही.

एक गोष्ट रुग्णास आवर्जून सांगावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. नोकरीच्या ठिकाणी कामाचे स्वरूप किंवा वेळ बदलून मागताना प्रमाणपत्राचा उपयोग होतो. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या मुंबई व पुणे येथे शाखा आहेत. तेथे रुग्णास समदुःखी मंडळी भेटतात, आणि त्या भेटीनेही मन उभारी धरते.

आपल्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी वर्षातून एक चर्चासत्र या विषयाला द्यावे. त्यास एका मज्जाविकारतज्ज्ञास व एका चिकित्सामानसशास्त्रज्ञास निमंत्रण द्यावे. आणि चरकोक्त आठ कारणांवर आधारलेली, साध्या मराठीतील सरावाची एक पुस्तिका सिद्ध करावी, असे मला सुचवावेसे वाटते. ती वापरणाऱ्या वैद्यांनी आरंभी आणि तीन महिन्यांनी रुग्णाची स्थिती नोंदवून या त्रैमासिकाकडे धाडली, तर यश असो वा अपयश, काही तरी प्रामाणिक असे आपल्या हाती लागेल. मेध्य रसायने आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत, ती पुढेही देऊ. त्यांच्या जोडीला चरकाचार्यांनी सांगितलेला अभ्यासही रुग्णाच्या हाती द्यावा, एवढीच सर्व वैद्यबंधू-भगिनींस विनंती.